बारवेचा शेवटचा टप्पा

सातारा,
१४ नोव्हेंबर १९९४

देवा,

गॅदरिंगच्या तालमीत मी त्या पोराच्या कानाखाली जाळ काढला तेव्हा समोरचा माईक चालू होता, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. “अश्लेषाकडं परत बघितलंस तर डोळं काढीन,” हे माझं वाक्य सांगलीतल्या अख्ख्या विश्रामबागेनं कर्ण्यातून ऐकलं. ती स्टेजवर हार्मोनियमपाशी होती. तिनं मान वर केली नाही. लाजली असणार.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, “तिच्या वडिलांसमोर एवढंच सांग, की तुझा आणि त्या मुलीचा काही संबंध नाही. बाकीचं मी मिटवतो.” मी म्हणालो, “आहे ते नाही कसं म्हणू?” आणि कॉलेज सोडून आलो. तू तिथंच होतास, तुला हे सगळं ठाऊक आहे. पण इथं सांगायला दुसरं कोण आहे? म्हणून परत परत तुलाच सांगतो.

इथं म्हणजे नाथाजीमामाकडं. मामा फौजेतून सुभेदार होऊन आला आणि आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटीचा मुख्य आहे. त्यानं मला स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसवलंय. नटबोल्ट आले किती, गेले किती, एवढंच भरायचं. खोलीला खिडकी आहे, पण एसीसाठी ती पत्र्यानं बंद केलीय. चपला बाहेर काढायच्या, आणि मी आत गेलो की मामा बाहेरून कुलूप लावतो. मी विचारलं, “मामा, कुलूप कॉम्प्युटरसाठी का माझ्यासाठी?” तर म्हणतो कसा, “दोघं बी महागाचं हाय.”

उन्हाळ्यात तात्या त्रिचीहून येतील आणि आपल्या पोराला, म्हणजे मला, तिकडच्या दुकानात घेऊन जातील. आमच्या विट्याच्या पोरांचं ठरलेलंच असतं, शिक्षण जमलं नाही की गलाई, दुसऱ्याचं सोनं गाळत बसायचं. म्हणजे इथनं सुटलो तरी भट्टीपुढंच.

असो. तुझी फ्लॉपी मिळाली. पाकिटावर तू ‘फोटो आहेत, वाकवू नये’ लिहिलंस, नेमका त्याच्यावरच पोस्टानं शिक्का हाणलाय. तरी चालली! आणि गड्या, तू स्वतः गेम केलास? घरात बसून? मी आपली स्टॉकची खिडकी बंद केली, तुझी फाईल चालवली, आणि त्या डबड्या स्पीकरातून तीन सूर आले. खालचे, सावकाश. रहाट फिरतोय असे. माझ्या अंगावर काटा आला.

ही चाल तुझी नाही. तुला ‘जन गण मन’ सुरात येत नाही. कुणाची आहे, खरं सांग.

शंभू

---

सांगली,
२२ नोव्हेंबर १९९४

प्रिय शंभू,

चाल अश्लेषाची आहे. लपवून उपयोग नाही, तू दहा पत्रं पाठवून विचारशील. चित्रं आणि प्रोग्राम माझा, चारही टप्प्यांचं संगीत तिचं. कल्पनाही बरीचशी तिचीच. ती बरी आहे. बाकी विचारू नकोस.

आता कामाचं. मला तुझ्याकडून रिपोर्ट हवा आहे. तू माझ्या ओळखीतला सर्वांत हट्टी प्राणी आहेस. दुसरा माणूस ज्या पायरीवरून तीनदा पडून उठून जाईल, तिथे तू संध्याकाळपर्यंत पडत राहशील. असाच माणूस पाहिजे. उडी कशी वाटते ते लिही. आधी मी वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेग सारखा ठेवला होता, तर पडद्यावरचं ते ध्यान फुग्यासारखं तरंगायचं. मग खाली येताना वेग वाढवत नेला आणि एकदम त्याला वजन आलं. त्या दिवशी मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणून ते दाखवलं. आई म्हणाली, “छान पडतंय.”

गेममधली बारव, ती पायऱ्यांची विहीर, मी मुद्दाम उभी केली. सगळ्या गेममध्ये माणूस डावीकडून उजवीकडे पळत असतो. इथे फक्त वर. पडलास तर जिथून आलास तिथेच.

शेवटच्या टप्प्याचं उत्तर मी सांगणार नाही. तिने शपथ घातली आहे.

तुझा,
देवदत्त

---

सातारा,
५ डिसेंबर १९९४

देवा,

“ती बरी आहे, बाकी विचारू नकोस.” एवढ्यावर माझा एक दिवस गेला. बरी आहे म्हणजे? माझ्याशिवाय बरी आहे, का मला कळवू नको म्हणाली म्हणून बरी आहे? जाऊ दे. रिपोर्ट घे.

पहिला टप्पा. तळाशी अंधार आणि ते तीन सूर. मला आधी वाटलं, तीन सुरांत काय होणार? पण चढायला लागलो आणि कळलं की उडीला हवेत जेवढा वेळ लागतो तेवढीच त्या सुराची मात्रा आहे. सुरावर उडी घेतली की पाय बरोबर पुढच्या सुरावर टेकतो. हे कुणी सांगत नाही, कुठं लिहिलेलं नाही. पायालाच समजतं! शाळेत लेझीम खेळताना व्हायचं तसं. मी चुकत होतो तोवर पायऱ्या लांब वाटत होत्या, आणि चालीत आल्यावर त्याच पायऱ्या हाताशी आल्या. हे तू केलंस का तिनं? कुणीही केलं असू दे, पायाशी डोकं ठेवतो.

दुसरा. पायऱ्या तुटलेल्या, चाल द्रुत. उडी मारली की स्पीकर चालीतला सूर सोडून ‘टुक्’ करतो, आणि तो ‘टुक्’सुद्धा चालीतलाच वाटतो. म्हणजे मी नुसता खेळत नाही, वाजवतोय. एकदा चार उड्या अशा लागल्या, की मी खुर्चीतून उठून “वाऽऽ” म्हणून ओरडलो. मामा कुलूप काढून आत आला. म्हणाला, “काय झालं रं? करंट बसला?”

तिसऱ्यात संगीतच नाही. नुसतं पाणी ठिबकतंय. तिथं मला खरोखर भीती वाटली. बंद खोलीत एसीची घरघर आणि ते ठिबकणं. चाल होती तोवर कुणीतरी सोबत होतं आणि आता गेलं, असं वाटतं. चाल काढून घेऊन असं करता येतं हे मला माहीत नव्हतं.

आणि चौथा. वर दार दिसतंय. बाजूला दगडी गोमुख, त्यातून बारीक धार. खाली एवढासा कट्टा. आणि ती चाल! लांब, सुटलेली, आता वर जाऊन काहीतरी सांगणार अशी. पण सांगतच नाही. मी दाराकडं उडी मारतो, हात पुरत नाही, परत कट्ट्यावर, आणि चाल पहिल्यापासून सुरू. बारा बाजूंनी मारून बघितलं. भिंतीला धडका दिल्या. नाही उघडत.

पण मला कळलंय हे काय आहे ते. मी आंधळा नाही. तो फेटा बांधलेला बारका गडी, जो घाम गाळत वर चढतोय, तो कोण आहे हे मला सांगायला लागतंय होय? आमच्याकडचा मॉनिटर काळा-पांढरा आहे, पण फेटा ओळखू येतो मला. आणि वर दाराआड कोण कोंडलंय, तेही समजतं. उघड बोलता येत नाही म्हणून तिनं सुरातून निरोप धाडलाय. वर ये, दार उघड.

मी येतोय. ह्या आठवड्यात मामाला चुकवून एसटीत बसतो आणि थेट तिच्या दारात उभा राहतो. बघू तिचे अण्णा काय करतात. मारतील? मारू देत. पण ह्या खेपेला मी तिला घेतल्याशिवाय हलत नाही.

शंभू

---

सांगली,
८ डिसेंबर १९९४

शंभू,

येऊ नकोस. हे पत्र वाचल्यावर लगेच कुठेही जाऊ नकोस. खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. तुला ती सवय नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू काय करशील याची मला भीती होती. त्या दिवसापासून अश्लेषा कॉलेजला आलेली नाही. कर्ण्यातून तिचं नाव गेलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभागात तिच्या दारी पोचलं. अण्णांनी तिला घरी बसवलं. दोन स्थळांकडून ‘पत्रिका जुळत नाही’ आलं. क्लास बंद, मैत्रिणी बंद, हार्मोनियमसुद्धा बंद. आवाज बाहेर गेला की लोकांना निमित्त मिळतं म्हणे.

माझी आई दर गुरुवारी भजनाची चाल शिकवायच्या नावाखाली तिच्याकडे जाते. अश्लेषा चाली ग्राफच्या कागदावर लिहून देते, आडवे चौकोन मात्रेचे, उभे सुराचे. त्यावरून मी आकडे टाकतो. शंभू, तिने यातला एकही सूर ऐकलेला नाही. सगळं डोक्यात ऐकून लिहिलं आहे. ती बारव तिने न ऐकता वाजवली आहे.

पुण्याला आत्याकडे राहून तिला शिक्षण पुरं करता येईल. आत्या तयार आहे, कॉलेज तयार आहे. अण्णा अडून बसले आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच: “तो पोरगा प्राचार्यांसमोर म्हणाला की संबंध आहे. अजून तेच म्हणतोय. उद्या पुण्यात हिच्या दारात उभा राहील. तो स्वतःच्या तोंडाने नाही म्हणेपर्यंत ही उंबरा ओलांडणार नाही.”

आणि तू म्हणतोस, दारात येऊन उभा राहतो.

देवदत्त

---

सातारा,
१९ डिसेंबर १९९४

देवा,

तुझं पत्र वाचून आधी मी टेबलाला लाथ मारली. मग तुला शिव्या घातल्या. महिनाभर मला माकडासारखा उड्या मारायला लावलास आणि हे सांगितलं नाहीस! अण्णांनाही घातल्या. कर्णा लावणाऱ्यालाही. सगळे संपल्यावर एकटा मी उरलो, आणि मला कुणी काही बोलेना.

“नाही म्हण.” म्हणायला काय, जीभ उचलायची. पण देवा, माझ्याकडं दुसरं आहे काय? कॉलेज गेलं, गाव गेलं, त्रिचीची भट्टी पेटलीय. ही एकच गोष्ट माझी म्हणून धरून बसलोय. तीही माझ्या तोंडानं नाही म्हणायची?

मग मला ते वाक्य चावायला लागलं. तिनं एकही सूर ऐकलेला नाही. मी इथं अंगावर काटा आणून घेतोय, आणि जिचं आहे तिला ते ठाऊकच नाही. म्हणून ठरवलं, तेवढं तरी करायचं.

मामाचा मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेला टेपरेकॉर्डर मागितला. मामा म्हणाला, “कशाला रं?” म्हटलं, “गाणं भरायचंय.” “कॉम्प्युटरचं गाणं?” मी त्याला पहिल्या टप्प्याचे तीन सूर ऐकवले. त्यानं जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, “आमच्यात सांच्याला झेंडा उतरवताना बिगुल वाजायचा, तवा असंच व्हायचं बघ छातीत.” आणि टेप दिला. नवी कॅसेटही आणून दिली.

एसी बंद केला, कारण ती घरघर टेपमध्ये येते. पहिले तीन टप्पे उड्यांसकट भरले. त्या ‘टुक्’शिवाय त्या चाली अर्ध्या आहेत, हे तिला कळायला हवं होतं. चौथा आला. तिथं उडी मारली की चाल पहिल्यापासून सुरू होते. पूर्ण चाल भरायची तर कीबोर्डला हात लावायचा नाही. म्हणून गड्याला धारेखाली उभा केला आणि हात मांडीखाली घालून बसलो. शपथेवर सांगतो, मला ते जड गेलं.

चाल चालू राहिली. मी कधीच न ऐकलेल्या भागात शिरली. वर गेली, तिथं थांबली, खाली बघितल्यासारखी वळली. मला वाटलं आता रडवणार. पण रडवलं नाही. ते तळातले तीन सूर परत आले, तेच, पण वरच्या पट्टीत, मोकळे. बास. आणि दार उघडलं.

मी हात लावला नव्हता, देवा! आपोआप उघडलं. तो धारेखाली उभा राहिला, एवढंच.

मी पुढं सरकून बघितलं, तर आत ती नाही. खोलीच नाही तिथं. एक झाड, आभाळ आणि पायवाट. तो बारका जीव त्या वाटेनं निघाला आणि पडद्याबाहेर गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग मी वर चढलो कुणासाठी? तू काहीतरी विसरलास का टाकायला?

कॅसेट सोबत आहे. आईंच्या हातून तिला दे. तिच्याकडनं काही मागत नाही. फक्त ऐक म्हणावं.

शंभू

---

सांगली,
५ जानेवारी १९९५

शंभूराज यांस,

देवदत्तच्या आईंच्या पिशवीतून कॅसेट मिळाली. अण्णा बँकेत गेल्यावर माझ्या आईने स्वतः टेप लावून दिला, आवाज अगदी बारीक. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून ऐकली. दुसऱ्या टप्प्यात एक निषाद चुकला आहे, तो देवदत्तने चुकीचा घातला. त्याला सांगितलं आहे. बाकी माझ्या डोक्यात होतं तसंच वाजतं. काही ठिकाणी त्याहून बरं. उड्यांचे ‘टुक्’ तुम्ही ठेवलेत, ते बरोबर केलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची रिपोर्टची पत्रं देवदत्तने त्याच पिशवीतून मला पाठवली. माझ्या संगीताबद्दल इतकं नीट कुणी लिहिलेलं नाही. तिसऱ्या टप्प्यातली शांतता मी कशासाठी ठेवली ते तुम्हाला बरोबर कळलं. म्हणूनच बाकीचं तुम्हाला कसं कळलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

तो फेटा नाही. ती घागर आहे. देवदत्तच्या पडद्यावर ती तांब्याच्या रंगाची दिसते. आणि तो घाम नाही, पाणी आहे. उडी मारली की सांडतं. शेवटच्या टप्प्यात धारेखाली उभं राहून घागर भरायची असते. ती भरेपर्यंत चाल चालते, भरली की दार उघडतं. सतत उड्या मारणाऱ्याची कधीच भरत नाही.

देवदत्त काहीही टाकायला विसरलेला नाही. वर कुणी कोंडलेलं नाही. खालून चढते ती मुलगी आहे. ती कुणाला सोडवायला निघालेली नाही, स्वतःच बाहेर पडते.

मी हा निरोप तुम्हाला पाठवला नव्हता. कुणालाच पाठवला नव्हता. घरात बसून जे सुचलं ते केलं.

तुम्ही माझ्याशी एकूण एकदाच बोलला आहात. “हार्मोनियम उचलू का?” मी “नको” म्हणाले. तुम्ही तरीही उचललीत.

मला पुण्याला जायचं आहे. ते कशावर अडलंय ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या मनात काय असावं हे मी सांगू शकत नाही, आणि ते मनातून काढा असंही म्हणत नाही. पण ते तुमचं आहे, माझं नाही. एवढंच अण्णांना सांगायचं आहे. आणि सांगाल तर माझ्यासाठी मोठा त्याग केल्यासारखं सांगू नका. तुमची मारामारी माझ्या नावावर जमा झाली, आता त्यागही नको. खरं आहे म्हणून सांगा.

उत्तर पाठवू नये.

अश्लेषा

---

सातारा,
१६ जानेवारी १९९५

देवा,

काल सांगलीत येऊन गेलो. तुझ्या घराकडं वळलो नाही. वळलो असतो तर आईंसमोर रडलो असतो, आणि मग त्या मला जेवायला घालत बसल्या असत्या.

तिचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला. दुसऱ्यांदा ‘तुम्ही तरीही उचललीत’वर अडकलो. तिचा आवाज आठवायला गेलो, तर मला ते ‘नको’ आठवेना. ती म्हणाली असणारच, ती खोटं कशाला लिहील? पण मी ते ऐकलंच नव्हतं. माझ्या आठवणीत ती हसली होती.

मामाला सगळं सांगितलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. “मी येऊ का संगं?” म्हणाला. म्हटलं, नको. मग खोलीच्या कुलपाची किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली, आणि म्हणाला, “जा. हात तेवढं खिशात ठेव.”

संक्रांत आदल्याच दिवशी झाली होती, गावभागात सगळीकडं तीळगूळ चालला होता. मी अण्णांच्या दाराची कडी वाजवली. त्यांनी मला ओळखलं. आत या म्हणाले नाहीत आणि दारही लावलं नाही. मी चपला काढून आत गेलो. बसा म्हणाले नाहीत, तरी बसलो.

मग ते बोलले. देवा, ते मला जे बोलले ते आमचे तात्याही कधी बोललेले नाहीत. “तुमच्या पोरांना पैसा आला, पण अक्कल गाळायची भट्टी नाही तुमच्याकडे.” माझी मूठ खिशात वळली. मध्ये तोंड घालून उत्तर द्यावं असं किती ठिकाणी वाटलं! पण गप्प बसलो. त्यांचं ऐकता ऐकता मला कळलं की हा माणूस चिडलेला नाही, घाबरलेला आहे. मुलीला बाहेर सोडायला घाबरलाय, आणि त्याला घाबरवलं ते मी. बोलून बोलून ते दमले आणि चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटतं, त्यांना मध्ये कुणी तोडलं नाही म्हणूनच ते शेवटपर्यंत आले.

तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, तुमच्या मुलीचा आणि माझा काही संबंध नाही. कधी नव्हता. मी प्राचार्यांना सांगितलं ते खरं नव्हतं. जे होतं ते माझ्या एकट्याच्या डोक्यात होतं, तिनं त्याला कधी हात लावलेला नाही. हे मी गावात कुणाहीसमोर सांगेन. प्राचार्यांना लिहून टाकलंय.”

“आणि उद्या पुण्यात दिसलास तर?”

“दिसणार नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं बघितलं. एवढं म्हणायला मला इतके महिने लागले होते, आणि म्हणून झालं तरी छत कोसळलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग पडद्याआडून तिचा आवाज आला. मला वाटलं, आता माझ्यासाठी एखादा शब्द. खरं सांगतो, तेव्हासुद्धा वाटलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “मग आत्याला आजच पत्र टाकू?”

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “टाक,” म्हणाले.

आत कुणीतरी धावत गेलं. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, आणि तिची आई “अगं हळू” म्हणाली. माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मी उठलो, नमस्कार केला, चपला घातल्या, बाहेर पडलो आणि माझ्यामागं दार ओढून घेतलं.

शंभू